लायसन्सच्या आधी लागलेला कागद

आंब्याच्या पट्ट्यांचा हिशेब ठेवणारं एक सॉफ्टवेअर मी देवगडला घरी बसून लिहिलं. घाटावरच्या वाचकांसाठी सांगते: बागायतदार पेट्या वाशीला पाठवतो, तिथला दलाल त्या विकतो, आणि पेट्या किती, दर काय, हमाली-गाडीभाडं नि बाकीची वजावट जाऊन हातात किती, असा जो कागद परत येतो ती पट्टी. हंगामात त्यांचा ढीग साठतो. काही छापील, काही हाताने खरडलेल्या, हल्ली बऱ्याचशा व्हॉट्सॲपवर आलेले वाकडेतिकडे फोटो. कोणत्या दलालाने कोणत्या फळाला काय दिलं, हे जूनमध्ये शोधायला बसलं की कोणालाच सापडत नाही. सुरुवात बाबांच्या पट्ट्यांपासून झाली, मग काकांच्या आल्या, मग जामसंड्यातल्या ओळखीपाळखीच्या. कोड लिहायला आणखी तिघं जोडले गेले: कुडाळच्या कॉलेजात शिकवणारा माझा वर्गमित्र, आधीच्या नोकरीतली माझी मैत्रीण, जी आता बेंगळुरूला असते, आणि रत्नागिरीत इंजिनिअरिंग करणारा एक मुलगा.

कोड इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता, पण लायसन्स, म्हणजे इतरांनी तो कोणत्या अटींवर वापरावा याचा परवाना, काही लावलं नव्हतं. लायसन्स नाही म्हणजे मोकळं, असं अनेकांना वाटतं. कायद्याने ते उलट आहे. लायसन्स नसेल तर सगळे हक्क लेखकाकडेच राहतात आणि दुसऱ्याने नुसतं बघायचं.

शेतमालाचं ॲप चालवणाऱ्या एका कंपनीतल्या मुलाचा फोन आला तेव्हा हे ऐरणीवर आलं. बोलायला गोड होता. ‘ताई, कोड भारी आहे. तुम्ही फक्त एमआयटी लायसन्स टाका, म्हणजे आमचे वकील हो म्हणतील.’

एमआयटी लायसन्स म्हणजे जेमतेम पावणेदोनशे शब्दांचा मजकूर. कोड घ्या, बदला, विका, तुमच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये घाला. मूळ लेखकाचं नाव आणि हा मजकूर तेवढा सोबत ठेवा, आणि काही बिघडलं तर आमच्या दारात येऊ नका. बीएसडी आणि अपाची ही याच जातीची, म्हणजे परमिसिव्ह. अपाची २.० मध्ये पेटंटबद्दल जास्तीची तरतूद आहे, इतकंच. दुसऱ्या बाजूला जीपीएल. तिथेही घ्या, बदला, पैसे घेऊन विका. पण दुसऱ्याच्या हातात द्याल तेव्हा तुमच्या बदलांसकट सोर्स कोड, म्हणजे वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, द्या, आणि तोही याच अटींवर. हे कॉपीलेफ्ट. पुढच्याने पुढच्याला अडवू नये, एवढाच त्याचा हट्ट.

मला विचाराल तर मी त्या रात्रीच जीपीएल लावून मोकळी झाले असते. पण लायसन्स कोण देऊ शकतं? ज्याचा कॉपीराइट आहे तो. आणि तो माझा आहे का?

मी पुण्याच्या एका कंपनीत नोकरी करते. विमा कंपन्यांच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर असतं, ते लिहिते. घरून काम करते. नेमणूकपत्रात एक कलम आहे, त्याचा अर्थ असा, की नोकरीच्या काळात मी जे काही निर्माण करीन ते कामाच्या वेळेत असो वा बाहेर, कंपनीचं. सही करताना ते वाचलं होतं, एचआरला विचारलंही होतं. ‘स्टँडर्ड आहे, सगळेच करतात,’ असं उत्तर आलं. ते खरंच आहे, आणि तोच तर त्रास आहे.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘पगार दिवसाच्या कामाचो गावता ना तुका? मगे रातीच्या कामार त्यांचो हक्क खयसून इलो?’ याहून नेमका प्रश्न मला पुढे कुठल्या वकिलाकडूनही ऐकायला मिळाला नाही.

कणकवलीला एक वकील आहेत, आमच्या घरची सामाईक जमिनीची केस त्यांच्याकडेच होती. सगळं आयुष्य सातबारा, फेरफार आणि सहहिस्सेदारांत गेलेलं. मला वाटलं, ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना वापरायला-बदलायला खुला ठेवलेला कोड, हे समजावण्यातच वेळ जाईल. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘बाय, ह्या कोडाचो सातबारो खय?’ कोणी कोणत्या ओळी लिहिल्या, कधी लिहिल्या, कोणाच्या अवजारांनी लिहिल्या आणि कोणाच्या वतीने लिहिल्या, हे त्यांना हवं होतं. मग कायदा काढला. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरलेला आहे. कलम १७ म्हणतं की लेखक हा पहिला मालक. पण नोकरीच्या ओघात केलेलं काम असेल आणि उलट करार नसेल तर पहिला मालक मालकच, म्हणजे कंपनी. ‘कूळकायदो कसणाऱ्याच्या बाजून झालो,’ ते चष्मा काढत म्हणाले, ‘ह्यो तसो नाय हां.’ आमच्याकडे हे वाक्य हलकं नसतं. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं तेव्हापासून कसणाऱ्याच्या नावाची लढाई कोकणाने पाहिलेली आहे.

आता, माझं पट्ट्यांचं काम ‘नोकरीच्या ओघात’ मोडतं का? विम्याशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा नुसत्या कलम १७ वर माझी बाजू बरी होती. अडचण नेमणूकपत्राची होती. आपल्या कायद्यात पुढे कधीतरी निर्माण होणाऱ्या कामाचे हक्कही आधीच लिहून घेता येतात. कॅलिफोर्नियात कामगार कायद्याचं कलम २८७० आहे: स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांनी केलेलं आणि मालकाच्या धंद्याशी वा त्याच्या संशोधनाशी संबंध नसलेलं काम करारानेही हिसकावता येत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात तसं काही नाही. गंमत बघा, ज्या कंपन्या तिकडे हे कलम मुकाट पाळतात, त्यांच्याच इकडच्या कचेऱ्यांत नेमणूकपत्रं वेगळी असू शकतात.

वकिलांचा सल्ला सरळ होता. भांडू नको, कोर्टाची भाषा करू नको. कंपनीकडून लिहून घे की या कामावर आमचा हक्क नाही. असा कागद मागणं ही काही माझी विचित्र मागणी नव्हती. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरने ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प सुरू करताना जानेवारी १९८४ मध्ये एमआयटीतली नोकरीच सोडली (एमआयटी लायसन्सला जिचं नाव आहे तीच ही संस्था). कारण नोकरीत राहिला असता तर संस्था त्या कोडवर मालकी सांगू शकली असती. म्हणजे कॉपीलेफ्टची चळवळ सुरूच झाली ती एका राजीनाम्याने, आणि हे कोणी फारसं सांगत नाही. पुढे त्याच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरसारख्या प्रकल्पांत कोड घेताना गरज असेल तिथे लेखकाच्या मालकाकडूनही हक्कसोडीचा कागद मागायची पद्धत ठेवली. मला राजीनामा परवडणारा नव्हता. कागद परवडत होता.

पत्र लिहिलं. त्यात काम काय आहे, कंपनीच्या धंद्याशी त्याचा संबंध कसा नाही, लॅपटॉप माझा, खाती माझी, ऑफिसची कुठलीही सेवा वापरली नाही, आणि सोबत कमिटची, म्हणजे कोडमध्ये केलेल्या बदलांच्या नोंदींची यादी. गिट या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारीख-वेळ असते. माझ्या जवळपास सगळ्या नोंदी रात्रीच्या आणि रविवारच्या. (काही दुपारच्या होत्या, पण त्या गणपतीच्या सुट्टीतल्या.) एचआरने ते कायदेविभागाकडे ढकललं, आणि मग शांतता. मध्ये आमच्या टीमलीडने सहज म्हणून विचारलं, ‘साइड प्रोजेक्ट वगैरे चाललंय म्हणे?’ अप्रेझल जवळ आलं होतं. अशा प्रश्नात सहज काही नसतं.

कायदेविभागाचा पहिला मुद्दा ऐकून मी हसले. घरून काम करणाऱ्यांना कंपनी इंटरनेटचा भत्ता देते, तेव्हा कंपनीच्या साधनाचा वापर झाला असं म्हणता येईल का? म्हणजे त्या हिशेबाने आईची मालिकाही कंपनीचीच. मी बिल पाठवलं, भत्ता बिलाच्या निम्माही नाही हे दाखवलं, आणि एक रात्र गेलेल्या लायटीच्या नावाने बोटं मोडत मोबाइलच्या डेटावरून उत्तर पाठवलं. तो मुद्दा पुन्हा आला नाही.

मग आला खरा प्रस्ताव, आणि तो वाईट शब्दांत नव्हता. कंपनी हे सॉफ्टवेअर स्वतःच्या नावाने, एमआयटी लायसन्सखाली प्रसिद्ध करील. माझं नाव प्रमुख म्हणून राहील. शेतकऱ्यांसाठी काम, कंपनीचंही नाव होईल. घरात यावर चांगलीच चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं होतं की घे, नोकरीत वजन वाढेल. मी नाही म्हटलं, कारण मालकी एकाच्या हातात आणि लायसन्स परमिसिव्ह, या जोडीत पुढची दारं कंपनीच्या मर्जीवर. रेडिस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर बीएसडीखालचं होतं. मार्च २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने पुढच्या आवृत्त्यांच्या अटी आवळल्या आणि बाहेरच्या लोकांना व्हॅल्की नावाने वेगळी चूल मांडावी लागली. कॉपीलेफ्ट लावलं की हे टळतं, असंही नाही. टेराफॉर्म हे सर्व्हर उभे करायचं सॉफ्टवेअर एमपीएल (मोझिला पब्लिक लायसन्स) खाली होतं, म्हणजे मवाळ कॉपीलेफ्ट. पण कोड देणाऱ्यांकडून त्याच्या कंपनीने करार लिहून घेतलेला होता, म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये लायसन्स बदलता आलं. कॉपीलेफ्टची अट घेणाऱ्यावर असते, स्वतः मालकावर नसते. ज्याच्या नावावर सगळा कॉपीराइट, तो उद्या तोच कोड बंद करून विकू शकतो. हे लक्षात न घेता नुसतं ‘जीपीएल आहे म्हणजे सुरक्षित’ म्हणणारे मला आता जरा भाबडे वाटतात.

कंपनीला कळवलं की हे एकटीचं काम नाही, बाकी तिघांचे हक्क मी कोणाला देऊ शकत नाही. याच्यापुढे त्यांनाही बोलता येईना. शेवटी पाऊस ओसरता ओसरता पत्र आलं. अटी दोन: कंपनीचं नाव कुठे वापरायचं नाही, आणि ऑफिसच्या वेळेत त्याचं काम करायचं नाही. दोन्ही मान्य.

तोवर बाकीच्यांचे कागद काढायचे होते. विद्यार्थ्याचं सोपं, तो कोणाच्या नोकरीत नव्हता. कुडाळच्या मित्राने प्राचार्यांना विचारलं, त्यांनी लेटरहेडवर लगेच सही करून दिली आणि वर आपल्या काकांच्या पट्ट्या पाठवू का म्हणून विचारलं. बेंगळुरूच्या मैत्रिणीची कंपनी मात्र हलेना. तिच्या कायदेविभागाने नाही म्हटलं, कारणही दिलं नाही. तिने फोटोतली पट्टी सरळ करून अक्षरं वेगळी काढण्याचा भाग लिहिला होता. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर भाग. तो काढून टाकावा लागला. काय हवं तेवढं आम्ही एका कागदावर लिहिलं आणि तिचा कोड कधीच न उघडलेल्या त्या रत्नागिरीच्या मुलाने तो नव्याने लिहिला. तिच्याइतका चांगला अजून चालत नाही. हाताने लिहिलेला सात आणि एक यात तो अजून गोंधळतो.

आणि आमच्यात एमआयटीची बाजू घेणारी तीच होती! तिचे मुद्दे मी हलके धरत नाही. कंपन्या एमआयटीचा कोड डोळे झाकून घेतात, त्यामुळे तो जास्त पसरतो, आणि बायोडेटात लिहायला बरा पडतो. एजीपीएल, म्हणजे जीपीएलचं सर्व्हरवरून वापरायला दिलेल्या कोडलाही लागू होणारं रूप, म्हटलं की कंपन्या दूर पळतात. गूगलने तर आपल्याकडे एजीपीएलचा कोड वापरायचा नाही असा नियमच जाहीर ठेवला आहे. शिवाय तिने विचारलं, कोणी अटी मोडल्या तर कोर्टात कोण जाणार, तुझे कणकवलीचे वकील? जर्मनीत हॅराल्ड वेल्टे या लिनक्सच्या प्रोग्रॅमरने २००४ मध्ये म्युनिकच्या कोर्टातून जीपीएल पाळायला लावली होती हे खरं, पण आमच्यात वेल्टे कोणी नाही. तरी लायसन्स कोणतंही घेतलं असतं, एमआयटी घेतलं असतं, तरी तिचा कोड निघालाच असता. तिला ते माहीत होतं. त्या कॉलवर ती म्हणाली, ‘मी कोणत्या अटीवर देऊ यावर भांडतेय, आणि मला द्यायचीच परवानगी नाहीये.’

कुडाळच्या मित्राने लिंकसिसच्या राउटरचं उदाहरण काढलं. त्या डब्ल्यूआरटी५४जी नावाच्या राउटरमध्ये जीपीएलचा कोड होता. लोकांनी मागे लागून २००३ मध्ये त्याचा सोर्स बाहेर काढायला लावला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. मी मिनिक्सचं काढलं. अँड्र्यू टॅननबॉम या प्राध्यापकांचं मिनिक्स ३ ही ऑपरेटिंग सिस्टिम बीएसडीखाली होती. इंटेलने ती आपल्या प्रोसेसरसोबतच्या मॅनेजमेंट इंजिन नावाच्या छोट्या वेगळ्या संगणकात घातली, आणि ती इतक्या यंत्रांत चालतेय हे टॅननबॉम यांना २०१७ मध्ये बातम्यांतून कळलं. त्यांनी इंटेलला खुलं पत्र लिहिलं, रागावून नव्हे. लायसन्सने परवानगी दिलेलीच होती, पण निदान कळवायचं तरी, असा सूर.

माझं मत ठरलं ते मात्र त्या फोनवरच्या गोड मुलाचा विचार करताना. समजा एमआयटी लावलं. त्याची कंपनी कोड घेणार, आणि तो त्यात सुधारणा करणार, दिवस-रात्र बसून. त्या सुधारणा कलम १७ प्रमाणे कंपनीच्या. तो नोकरी सोडील किंवा त्याला काढतील तेव्हा आमचा मूळ कोड त्याला मिळेल, पण त्याने स्वतः केलेलं काम त्याला पुन्हा कधी दिसणार नाही. कॉपीलेफ्ट असेल तर मालकी तेव्हाही कंपनीचीच. पण ती वस्तू वापरणाऱ्यांना सोर्स द्यावा लागणार, म्हणजे त्याने लिहिलेलं तो पुढच्या नोकरीत, किंवा घरी बसून, इतर कोणासारखं उघडू शकणार. पगारात एक रुपया वाढणार नाही. पण केलेलं काम हातून पुरतं जाणार नाही. लायसन्सवरचे वाद नेहमी वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य की कंपनीची सोय असे रंगतात. पगारावर कोड लिहिणाऱ्याला त्यातून काय उरतं, हे कोणी विचारताना मला दिसलं नाही.

आता साधी जीपीएल पुरणार नव्हती. जीपीएलची अट सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना लागू होते. आमचं तर सर्व्हरवर चालतं, बागायतदार फोनवरून नुसतं वापरतो. नोव्हेंबर २००७ मध्ये आलेल्या एजीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत कलम १३ याचसाठी आहे: कोड बदलून नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलात तरी त्यांना सोर्स उपलब्ध करून द्या.

विद्यार्थ्याचं मन त्याहून पुढे गेलं होतं. त्याने ९९६ चं प्रकरण वाचलं होतं. २०१९ मध्ये चिनी सॉफ्टवेअर कामगारांनी सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ७२ तास, या पद्धतीविरुद्ध गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर मोहीम काढली, आणि त्यातून अँटी-९९६ लायसन्स निघालं: कामगार कायदे पाळणाऱ्यांनीच हा कोड वापरावा. आपणही असंच लावूया, तो म्हणाला. त्याचा मोठा भाऊ पुण्यात रात्री अकरापर्यंत कॉलवर असतो, तेव्हा त्याच्या रागाला घर होतं. मला ती मोहीम मनापासून आवडते. ऑगस्ट २०२१ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ९९६ बेकायदा असल्याचं स्पष्ट केलं, त्याआधी हा विषय चव्हाट्यावर आणायला तिचा हातभार लागला असणार. पण लायसन्स म्हणून ते मला पटलं नाही. कोण वापरतो, कशासाठी वापरतो यावर बंधन घातलं की ते ओपन सोर्सच्या व्याख्येत बसत नाही, हे एक. दुसरं, आमच्या कलमाचा भंग झाला की नाही हे ठरवणार कोण? कामाचे तास हे कामगार खात्याकडे, संघटनेकडे मांडायचं भांडण आहे. त्याला पट्ट्यांच्या ॲपच्या पाठीवर बसवलं तर दोन्ही बुडतील. तो अजूनही याबाबतीत माझ्याशी सहमत नाही.

एजीपीएल ठरलं. मराठी आकडे आणि ‘पाच डझनी’, ‘साडेचार’ असल्या नोंदी वाचणारा छोटा भाग तेवढा वेगळा काढून अपाचीखाली ठेवला. तो कोणीही कुठेही वापरावा, त्यात राखायसारखं काही नाही. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसुद्धा तीनशे ओळींच्या आतल्या प्रोग्रॅमला कॉपीलेफ्टचा खटाटोप करू नका, अपाची २.० लावा, असंच सुचवतं. आणि हक्क कोणा एकाकडे गोळा करायचे नाहीत, असं ठरवलं, माझ्याकडेही नाही. लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून जशी प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ असते, की हे द्यायचा हक्क मला आहे, तशी आम्ही ठेवली. आता हे बंद करायचं तर सगळ्यांची संमती लागेल. मला उद्या पैशांची गरज पडली तरी.

गोड मुलाच्या कंपनीने एजीपीएल म्हटल्यावर माघार घेतली. नंतर पैसे देऊन वेगळं लायसन्स मिळेल का असं विचारणारी मेल आली. कुडाळच्या मित्राचं म्हणणं, विचार करायला हरकत नाही, सर्व्हरचं भाडं निघेल. त्यावर आमचं अजून एकमत नाही.

या हंगामाच्या तोंडावर रत्नागिरीच्या मुलाला कॅम्पसमधून नोकरी लागली. नेमणूकपत्र आल्याबरोबर त्याने मला फोन लावला आणि आम्ही दोघांनी ते कलम शोधलं, होतंच. यावेळी सहीआधी वेळ होता. आधीपासून चालू असलेल्या कामांची यादी सोबत जोडावी, आणि स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या साधनांनी केलेलं, कंपनीच्या धंद्याशी संबंध नसलेलं काम वगळावं, अशी मेल त्याने एचआरला पाठवली. ‘ताई, ऑफर काढून घेतली तर?’ असं त्याने विचारलं होतं. काढून घेतली नाही. यादी जोडायला ते तयार आहेत. दुसऱ्या वाक्यावर त्यांचा कायदेविभाग विचार करतोय.